गोळीचा बार झाल्यावर आम्ही थांबतो ते का

उमेओ, स्वीडन
२४ सप्टेंबर

तीर्थरूप बाबा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

महालक्ष्म्यांचे फोटो मिळाले. आईने दोघींना एकटीने साड्या नेसवल्या, आंबिलही स्वतःच केली, ते दिसलं. मागच्या वर्षी मी “पुढच्या वर्षी नक्की” म्हटलं होतं, ते विसरले नाही. माझी तब्येत छान आहे. तूरडाळ मिळते, थंडी अजून खरी पडलेली नाही. बाकी रोजचं तुम्हाला माहीतच आहे.

आता त्या फोटोचं. नारिंगी टोपी, हातात कुत्र्याची दोरी आणि बाहीवर रक्त. मावशीने तो तुम्हाला दाखवला आणि आई दोन दिवस नीट जेवली नाही, असं दादा म्हणाला. माळकरी घरातली पोर शिकारीला जाते हे गावात सांगायचं कसं, हा बाबांचा प्रश्न मी समजू शकते. पण मी शिकारीला जात नाही, जखमी झालेलं जनावर शोधायला जाते. हा फरक फोनवर सांगता आला नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे. रागावलात तरी शेवटपर्यंत वाचा.

इकडे उत्तरेत सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी मूसची शिकार सुरू होते. मूस म्हणजे आपल्या सांबराच्याच कुळातलं, पण मोठा नर ४००-५०० किलोंचा. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे असलं काही करता येत नाही. इथे किती मूस मारायचे याची संख्या ठरवून देतात, आणि १९८५ पासून परीक्षा पास झाल्याशिवाय शिकारीच्या बंदुकीचा परवाना मिळत नाही. १९८७ च्या शिकार कायद्यात स्पष्ट म्हटलंय की जनावराला विनाकारण यातना होता कामा नयेत, आणि ते जखमी झालं तर त्याचा माग काढून, त्याला मारून यातनांतून सोडवण्याची व्यवस्था ताबडतोब केलीच पाहिजे. मूसवर गोळी घालणाऱ्याला माग काढायला शिकवलेलं कुत्रं दोन तासांच्या आत त्या जागी आणता आलं पाहिजे. ती सोय आधी करूनच जंगलात शिरायचं. ते कुत्रं घेऊन जाणाऱ्यांपैकी मी एक.

इथली एक रीत मात्र मलाही आधी समजत नव्हती. बार होतो, जनावर झाडीत दिसेनासं होतं आणि कोणीही उठत नाही. गोळी घालणारा पुढचं काडतूस चढवतो, घड्याळ बघतो, जनावर कुठे उभं होतं आणि कोणत्या झाडाआड गेलं ते मनात पक्कं करतो, आणि थर्मासमधली कॉफी ओतून बसून राहतो. आई म्हणेल, तिकडे मुकं जनावर तडफडतंय आणि यांना कॉफी सुचते. पण आई, त्या वेळी बसून राहणं हीच त्या जनावरावरची दया असते.

मागे कोणी येत नाही असं वाटलं की जखमी जनावर बहुतेक वेळा थोड्याच अंतरावर आडोसा बघून बसतं. बसलं की अंग आखडतं, रक्त जात राहतं, ग्लानी येते आणि तिथेच जीव जातो. लगेच मागे धावलं तर भीतीने ते उठतं, आणि एकदा उठवलेलं जनावर किलोमीटरच्या किलोमीटर जातं. चरबी नाहीतर आतडं जखमेत अडकून रक्त बाहेर पडायचं थांबतं, माग तुटतो आणि ते कुठल्यातरी दलदलीत दोन-चार दिवस कुढत मरतं. आपल्या वावरात फासातून सुटलेलं रानडुक्कर आठवतं ना? वास सुटला तेव्हाच सापडलं होतं.

किती थांबायचं हे कुठे लागलंय त्यावर ठरतं, आणि ते जमीन सांगते. ज्या ठिकाणी जनावर उभं होतं तिथे मी गुडघ्यावर बसून आधी केस शोधते. गोळी केस कापत आत जाते, त्यामुळे काही ना काही पडलेलं असतंच. मूसचं अंग काळपट-तपकिरी आणि पाय फिकट राखाडी, म्हणजे आखूड फिके केस मिळाले की गोळी खाली गेली. हाडाची चपटी चीप बरगडीची असते. गोलसर, आतून चकचकीत, मगज चिकटलेली चीप पायाच्या नळीची, आणि ती दिसली की माझ्या पोटात गोळा येतो. जागेला रंगीत फीत बांधायची आणि त्यावर पाय पडू द्यायचा नाही. चार माणसं तिथून फिरली की कुत्र्यालाही धड काही कळत नाही.

मग रक्त. लालभडक, बारीक बुडबुडे असलेलं, दोन्ही बाजूंच्या झुडपांवर उडालेलं असलं तर फुफ्फुसात लागलं. असं जनावर बहुधा शे-दीडशे मीटरमध्ये पडतं. तरी आम्ही अर्धा तास देतो. गडद, तपकिरीकडे झुकणारं रक्त यकृतातून येतं, म्हणजे तुम्ही काळीज म्हणता त्यातून. त्याला दोन-तीन तास. आणि पातळ रक्तात हिरवट चोथा आणि आंबोणासारखा आंबूस वास आला तर गोळी ओझरीत. तिथे निदान तीन-चार तास जाऊ द्यायचे, आणि संध्याकाळ असली तर सकाळपर्यंत. हे सगळ्यात कठीण. जीव सावकाश जातो हे आपल्याला माहीत असतं आणि तरी बसून राहायचं असतं. बाबा, तुम्ही एवढी ढोरं सांभाळलीत, पोट फुगलेल्या बैलापाशी रात्र काढलीत. असल्या वेळी माणसाचा जीव कसा होतो ते मी तुम्हाला सांगायला नको. सप्टेंबरच्या उबेत मांस खराब होतं म्हणून काहीजण लवकर निघा म्हणतात. माझं मत स्पष्ट आहे. मांस गेलं तरी चालेल, जनावर उठवायचं नाही.

पायाला किंवा जबड्याला लागलं तर मात्र हा हिशेब लागू पडत नाही. तिथे रक्तस्राव होऊन मरण येत नाही, नुसतं थांबून काही साधत नाही. जबडा फुटलेलं जनावर चरू शकत नाही आणि उपाशी मरतं. तीन पायांवरचं मूस माणसाच्या हाती लागत नाही. अशा वेळी लवकरात लवकर अनुभवी माणूस आणि पाठलाग करून जनावराला रोखून धरणारं कुत्रं लागतं. या भागात त्यासाठी करड्या रंगाची, शेपटी पाठीवर वळलेली मोठी कुत्री असतात.

आणखी एक चकवा आहे. वर्मी लागलेलं मूस पुष्कळदा काही झालंच नाही असं चार पावलं चालतं आणि मग कोसळतं. उलट, बार होताच वीज पडल्यासारखं जे जागच्या जागी आडवं होतं, पाय झाडतं, ते मेलं असं समजून लोक बंदूक खाली ठेवतात. तेव्हाच घात होतो. गोळी मणक्याच्या वरच्या काट्याला चाटून गेली असेल तर नुसता धक्का बसलेला असतो. मिनिट-दोन मिनिटांनी ते उठतं आणि निघून जातं. म्हणून आडव्या पडलेल्या जनावरावरून नेम हलवायचा नाही, आणि मान वर करताना दिसलं तर दुसरी गोळी घालायची, काडतुसाचा विचार करायचा नाही. चालत गेलेल्याला वेळ द्यायचा आणि तिथेच पडलेल्यावर डोळा ठेवायचा, असं उलटं आहे ते. काहीच हाललं नाही, रक्त दिसलं नाही, तरी “नेम चुकला” म्हणून घरी जायची सोय नाही. प्रत्येक गोळीची जागा कुत्र्याने हुंगून बघायचीच.

वेळ झाली की लांब दोरी लावून कुत्र्याला मागावर सोडते. दोरीचं टोक हातात, तोंडाने काही बोलायचं नाही. कुत्र्याच्या परीक्षेत सुमारे ६०० मीटरचा, रात्रभर शिळा झालेला माग काढावा लागतो, त्यामुळे सकाळपर्यंत थांबलं तरी बिघडत नाही. पावसात माणसाला रक्त दिसेनासं होतं, कुत्र्याला वास लागतो. मी दर वीस-तीस पावलांवर फीत बांधत जाते. माग हरवला तर शेवटच्या फितीपाशी परत यायचं, अंदाजाने पुढे जायचं नाही. वाटेत दबलेलं शेवाळ आणि त्यात रक्त दिसलं की ते तिथे बसलं होतं हे कळतं. त्याला हात लावून बघते. ऊब असली तर आम्ही फार लवकर आलो. अशा वेळी मागे फिरायचं आणि आणखी तासभर तरी जाऊ द्यायचा.

पडलेलं दिसलं तरी समोरून जायचं नाही, पायांच्या बाजूने तर कधीच नाही. मूसच्या पुढच्या पायाची लाथ माणूस मारू शकते. पाठीच्या बाजूने, मागून, बंदूक तयार ठेवून जायचं, आणि पाच-सहा पावलांवर थांबून बरगड्या हलतात का ते बघायचं. मेलेल्या जनावराचे डोळे उघडे असतात, त्यांवर साय धरल्यासारखी दिसते. डोळे मिटलेले, कान मागे पाडलेले असले तर ते जिवंत आहे. लांब काठीने बुबुळाला हलकेच स्पर्श करायचा. पापणी लवली नाही तरच हात लावायचा.

आणि लवली तर, बाबा, शेवटची गोळी माग काढणाऱ्याला घालावी लागते. हे मी फोनवर सांगितलं नव्हतं. “कुत्र्याला फिरवायला जाते” एवढंच सांगितलं होतं. ते अर्धंच होतं, आणि त्याचं मला वाईट वाटतं. तुम्ही माळेवर हात ठेवायला सांगितलात तर मी काय बोलेन मला माहीत नाही. पण ते जनावर तसंच सोडून येणं मला जमलं नसतं. वाट्याचं मांस मी घेत नाही. जाताना दिलेला शब्द पाळते.

आईची दुसरी काळजी रस्त्याची. इथे वर्षाला ६०,००० च्या वर वन्यप्राणी गाड्यांना धडकतात हे खरं आहे. मूसचे पाय उंच, त्यामुळे धडक बसली तर धड थेट काचेवर येतं. म्हणून संध्याकाळी मी गाडी हळू चालवते, आणि जंगलातून एकटी जाणं टाळते. तसं काही झालंच तर ११२ वर कळवायचं, ते ज्या बाजूला गेलं तिथे फीत बांधायची आणि आपण मागे जायचं नाही. मग कुत्रं घेऊन कोणीतरी येतं. त्या यादीत माझंही नाव आहे, रात्री-अपरात्री फोन येऊ शकतो. पण कधीच एकटी जात नाही, सोबत कायम दुसरं माणूस असतं.

आता घरचं. दादाच्या लग्नाचे ₹२,००,००० या महिन्यात पाठवते, उरलेले ₹१,५०,००० दिवाळीआधी. हॉलचा ॲडव्हान्स देऊन टाका, विहिरीच्या मोटारीसाठी ठेवलेल्या पैशाला हात लावू नका. मार्गशीर्षात मला आठच दिवस सुट्टी मिळेल. हळदीला पोचेन, साखरपुड्याला येता येणार नाही. दादाला मी सांगितलंय, तो “चालेल” म्हणाला, पण त्याचा आवाज मला कळतो. आईने पुतळ्यांची माळ मोडायचा विचार करू नये. गरज पडली तर मी आणखी पाठवीन.

अमरावतीच्या स्थळाला नाही म्हणू नका, हो पण म्हणू नका. लग्नाला आले की भेटेन. मात्र त्याआधी तो फोटो त्यांना तुम्हीच दाखवा, बाहीवरच्या रक्तासकट. मागाहून कळायला नको. त्यांना चाललं नाही तर तसं सांगू देत.

बाबा, उत्तर फोनवर नको, लिहून पाठवा. कितीही दिवस लागले तरी चालतील. आईच्या गुडघ्याच्या गोळ्या संपत आल्या असतील, दादाला वर्ध्याहून आणायला सांगा.

तुमची,
शुभा