महिला ग्रामसभेआधी रविवारी तयारीची बैठक

बचत गटातील सर्व ताई, मावशी आणि मुलींना नमस्कार,

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेआधी आपल्या गावात महिला ग्रामसभा होणार आहे. कायद्याने मुख्य सभेआधी ती घ्यावीच लागते. मागच्या वेळी आपण सह्या केल्या आणि चहा पिऊन घरी आलो. या वेळी बोलायचं आहे.

तयारीसाठी येत्या रविवारी दुपारी ३ वाजता समाजमंदिरात जमायचं.

- प्रत्येकीने एकच प्रश्न घेऊन उभं राहून दोन मिनिटं बोलायचं. कागद वाचायचा नाही. चुकलं तर चुकू दे, तिथं सगळ्या आपल्याच आहेत.
- आठवीच्या पुढच्या मुलींना सोबत आणा. कोल्हापूरला कॉलेजला जाणाऱ्या मुलींची सकाळच्या एसटीची अडचण त्यांनीच मांडावी, आईने नाही.
- ज्या निवडून आलेल्या सदस्या आहेत त्यांनी स्वतः यावं. मालकांना पाठवू नये, ही कळकळीची विनंती.
- ठरलेले विषय लेखी ठरावात आणायचे. लिहायला दोघी हव्यात, नावं शुक्रवारपर्यंत सचिव ताईंकडे द्या.

ग्रामपंचायतीत निम्म्या जागा आपल्या आहेत, पण खुर्चीवर बसून गप्प राहिलं तर त्या जागेचा गावाला उपयोग काय? आपल्याच जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाडने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंदीचा ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनाने तोच कित्ता राज्यभर गिरवायला सांगितलं. ठराव एका गावाचाच होता!

लहान मुलं असतील तर घेऊन या, सांभाळायला दोघीजणी थांबणार आहेत.

– अध्यक्षा