आजीच्या नावाची मेणबत्ती

हाले, जर्मनी
रविवार, ३० नोव्हेंबर २०२५

प्रिय आई,

साष्टांग नमस्कार. बाबांनाही सांग.

परवा फोनवर तू विचारलंस, "तू म्हणे चर्चमध्ये जातेस?" आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणालीस, "बरं, जेवलीस का?" त्या दोन प्रश्नांच्या मधे तू जे गिळलंस ते मला ऐकू आलं. फोनवर असलं बोलणं धड होत नाही. मागे कुकरच्या शिट्ट्या, त्यात तुमच्याकडे रात्रीचे दहा वाजलेले. म्हणून लिहायला बसले आहे. इथे चारलाच अंधार पडतो, त्यामुळे संध्याकाळ लांबलचक असते.

जाते, हे खरं. दर रविवारी नाही. सुरुवात झाली ती ओमांमुळे. ज्यांच्या घरात मी खोली घेऊन राहते त्या ८४ वर्षांच्या आजी. ओमा म्हणजे जर्मनमध्ये आजीच. मागच्या हिवाळ्यात फुटपाथवर बर्फ गोठून काच झाली होती आणि त्यांना एकटीनं उपासनेला जायची भीती वाटत होती. मी हात धरून नेलं, बाहेर थंडीत उभं राहवेना म्हणून आत जाऊन बसले. इतकंच.

आपल्या ठाण्यातल्या तलावपाळीजवळचं सेंट जॉन बाप्टिस्ट चर्च तुझ्या डोळ्यांसमोर येत असेल, पण ते कॅथलिकांचं. हे लुथरन, म्हणजे सोळाव्या शतकात कॅथलिकांपासून वेगळ्या झालेल्या मार्टिन लुथरच्या पंथाचं. आत मूर्ती फारशा नाहीत, लाकडी बाकं, भिंतीवर एक फळी, तिच्यावर त्या दिवशीच्या गीतांचे क्रमांक लावलेले. पाळक, म्हणजे उपासना चालवणाऱ्या, एक बाई आहेत, दोन मुलांची आई. आणि सगळे मिळून गातात, सूर लागो न लागो. मला पहिल्यांदा आठवलं ते आजीचं भजनी मंडळ. लोकांनी आपल्या बोलीत, आपल्या तोंडानं गावं हा मार्टिन लुथरचाच आग्रह. त्यानं बायबलचा नवा करार हा भाग ग्रीकमधून जर्मनमध्ये आणला, तो १५२२ साली छापून निघाला. अख्खं बायबल जर्मनमध्ये आलं १५३४ ला. आपल्याकडे पैठणला एकनाथ महाराज झाले तेही त्याच शतकातले. देवाचं बोलणं सामान्य बाईमाणसाला कळेल अशा भाषेत आलं पाहिजे, ही तळमळ दोघांचीही. हे मी ओमांना सांगितलं तर त्यांनी पैठण कुठे आहे ते नकाशावर शोधायला लावलं.

लुथरचा जन्म आणि मृत्यू दोन्ही आयस्लेबेनला, इथून ट्रेननं तासाभराच्याही आत. १५४६ मध्ये त्याचा देह विटेनबर्गला नेताना वाटेत हाल्यात ठेवला होता. त्याच्या चेहऱ्याचा आणि हातांचा साचा इथल्या बाजारचौकातल्या चर्चमध्ये जपून ठेवला आहे. मी पाहिला. चेहऱ्यापेक्षा हात बघत राहावंसं वाटतं.

आमच्या चर्चची मंडळी लहान आहे. रविवारी पंचवीस-तीस माणसं, त्यातली बरीचशी पिकल्या केसांची. पूर्व जर्मनीच्या या भागात बहुतेक लोक कुठल्याच चर्चचे सभासद नाहीत. ओमा चौदा वर्षांच्या असताना तेव्हाच्या साम्यवादी सरकारनं शाळकरी मुलांसाठी आपला समारंभ सुरू केला होता, चर्चमधल्या दृढीकरणाच्या जागी. दृढीकरण म्हणजे वयात येणाऱ्या मुलांनी आपली श्रद्धा स्वतः जाहीर करण्याचा विधी. ओमांनी तो घेतला नाही, चर्चमध्येच दृढीकरण घेतलं. त्यामुळे त्यांना पुढच्या शाळेत प्रवेश मिळाला नाही. डॉक्टर व्हायचं होतं, आयुष्यभर शिवणकाम केलं. हे त्यांनी मला बटाटे सोलता सोलता सांगितलं आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही. मी जेव्हा जेव्हा त्यांना बाकावर बसलेलं बघते तेव्हा मला ते आठवतं. त्या जागेची किंमत त्यांनी चुकती केली आहे.

वर्षभर काही ना काही चालू असतं. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी सुगीचा सण. वेदीपाशी भोपळे, सफरचंदं, गव्हाच्या पेंढ्या, मुरंब्याच्या बरण्या मांडतात आणि नंतर ते सगळं गरजूंना वाटून टाकतात. मी माझ्या खिडकीतली कोथिंबिरीची कुंडी नेऊन ठेवली. ११ नोव्हेंबरला संत मार्टिनचा दिवस. लहान मुलं कागदी कंदील काठीला लावून अंधारात गात फिरतात आणि शेवटी चंद्रकोरीसारखी गोड पावं अर्धी अर्धी मोडून एकमेकांना देतात. लुथरचा बाप्तिस्मा त्याच दिवशी झाला, म्हणून त्याचं नाव मार्टिन.

आता ज्यासाठी हे पत्र आहे ते.

आजी श्रावणात गेली तेव्हा मला येता आलं नाही. माझी कागदपत्रं नूतनीकरणासाठी कचेरीत अडकली होती, देश सोडला असता तर परत येता आलं नसतं. दहावं मी फोनच्या पडद्यावर पाहिलं. कावळा शिवला आणि बाबा एकदम खाली बसले, तेव्हा मी ट्रॅममध्ये दांडी धरून उभी होते. माझा स्टॉप गेला. त्यानंतर तीन महिने मी इथे कुणाशीही त्याबद्दल बोलले नाही. काय बोलणार? आजीच्या हाताला कापराचा वास यायचा, हे कुणाला सांगणार?

ॲडव्हेंट म्हणजे नाताळच्या आधीचे आठवडे, तो लागण्याआधीच्या रविवारी इथे वर्षभरात गेलेल्या माणसांची नावं उपासनेत मोठ्यानं वाचतात. चर्च त्याला अनंतकाळाचा रविवार म्हणतं, लोक साधेपणानं मृतांचा रविवार म्हणतात. १८१६ साली प्रशियाच्या, म्हणजे तेव्हाच्या एका मोठ्या जर्मन राज्याच्या, राजानं हा दिवस नेमून दिला, तेव्हापासून चालत आला आहे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ओमांनी मला विचारलं, "तुझ्या आजीचं नाव देऊ या का?" मी म्हटलं, ती तुमच्या मंडळीची नव्हती, ख्रिस्तीही नव्हती. त्या म्हणाल्या, "पण तू आमच्या बाकावर बसतेस ना?" मी चिठ्ठीवर नाव लिहून दिलं. आजीचं, मग आजोबांचं, मग आडनाव.

गुरुवारी पाळकबाईंचा फोन. नाव चुकीचं वाचायचं नाही म्हणाल्या, नीट म्हणून दाखव. बाकी सगळं जमलं, आडनावातला ळ काही जमेना. ल व्हायचा नाहीतर र. मग मी त्यांना सांगितलं, जीभ मागे वळवा, टाळूला टेकवा आणि सोडा. बाळ, केळं, फळ, जांभूळ असे शब्द दिले. शनिवारी त्या दुकानात भेटल्या तर भाजीच्या रांगेत उभ्या राहून मला "बाळ, केळं" म्हणून दाखवलं. आई, आपल्या आडनावासाठी इतकं कुणी केलं नव्हतं गं.

रविवारी अकरा नावं होती. एक नाव, घंटेचा एक टोल, मग घरचं कुणी उठून ईस्टरच्या मोठ्या मेणबत्तीवरून एक छोटी मेणबत्ती पेटवतं. आजीचं नाव नववं. पाळकबाई क्षणभर थांबल्या, श्वास घेतला, आणि पूर्ण नाव म्हणाल्या. ळ जरा जड आला, पण आला. मी उठले. माझा हात इतका कापत होता की वात धरेना, तेव्हा पुढच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी उठून माझं मनगट खालून धरलं. त्यांच्या बायकोचं नाव नुकतंच वाचून झालं होतं. एक शब्द बोलले नाहीत.

त्यानंतर सगळे दफनभूमीत गेलो. मंडळीतली सातआठ माणसं पितळी वाद्यं घेऊन आली होती, थंडीत बोटं आखडलेली, तरी वाजवत होती. या दिवसात इथे कबरींवर देवदाराच्या हिरव्या फांद्या पसरून ठेवतात, हिवाळ्यापुरतं पांघरूण घातल्यासारख्या. ओमांनी त्यांच्या यजमानांच्या कबरीवर फांद्या लावल्या आणि एक माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "ही तुझ्या आजीची. इथे कोपऱ्यात ठेव, यांना सोबत होईल."

तुला वाटेल, म्हणजे तिच्यासाठी त्यांच्या धर्माचं काही केलं का? नाही. तेच मला समजून घ्यायचं होतं, म्हणून पाळकबाईंना विचारलं. लुथरचं सगळं भांडणच त्यावरून सुरू झालं. त्या काळी पैसे भरून पापाच्या शिक्षेतून सूट देणारी पत्रं विकली जात, मेलेल्या नातलगांसाठीसुद्धा. गरीब माणसं आईबापांची सुटका व्हावी म्हणून कनवटीचं नाणं सोडत. ३१ ऑक्टोबर १५१७ ला लुथरनं त्याविरुद्धची ९५ विधानं ज्या आर्चबिशपला, म्हणजे चर्चच्या बड्या अधिकाऱ्याला, पाठवली, त्याचा वाडा इथेच हाल्यात आहे, मोरिट्झबुर्ग. आता तिथे चित्रांचं संग्रहालय आहे. तेव्हा या लोकांच्यात गेलेल्या माणसासाठी विकत घेण्यासारखं काही नसतं, ते देवाच्या हाती आहे असं मानतात. फक्त नाव घेतात. आपण सर्वपित्रीला तीन पिढ्यांची नावं घेतो, ते बाबांनी पाणी सोडताना घेतलेलं नाव आणि हे नाव, मला दोन्ही हवी होती.

आणि धर्म बदलण्याची तुझी धास्ती. आई, त्यावर तुला एक खरी गोष्ट सांगते, बाबांना फार आवडेल.

आमच्या गावात फ्रांके नावाच्या पाळकाची जुनी संस्था आहे. १६९५ मध्ये दानपेटीत ४ थालर आणि १६ ग्रोशन (तेव्हाची नाणी) एवढे पैसे मिळाले, त्यावर त्यानं गरिबांच्या मुलांची शाळा सुरू केली. पुढे अनाथाश्रम, छापखाना, औषधालय, सगळं उभं राहिलं. तिथून शिकून निघालेली माणसं १७०६ पासून तमिळ किनाऱ्यावर तरंगमबाडीला येऊ लागली. तमिळ ताडपत्रं आजही इथल्या संग्रहात आहेत. त्यातलेच एक श्वार्ट्झ. १७५० ला आले ते ४८ वर्षं राहिले, तिथेच वारले. तमिळ, फारसी आणि आपली मराठीसुद्धा शिकले, कारण तंजावरला राज्य होतं भोसल्यांचं, शिवाजी महाराजांचे भाऊ व्यंकोजीराजे यांच्या वंशाचं. तुळजाराजांनी मरताना दत्तक घेतलेल्या सरफोजीच्या डोक्यावर श्वार्ट्झनी हात ठेवावा अशी इच्छा बोलून दाखवली. काकांच्या कारकिर्दीत त्या पोराचे हाल झाले, तेव्हा श्वार्ट्झनीच मधे पडून त्याला मद्रासला शिकायला नेलं. त्याला शिकवलं, सांभाळलं, त्याचा हक्क लावून धरला. १७९८ मध्ये श्वार्ट्झ वारले आणि त्याच वर्षी सरफोजीराजे गादीवर बसले.

आणि राजे हिंदूच राहिले. बृहदीश्वराच्या देवळात भोसल्यांच्या वंशाचा इतिहास मराठीत कोरून घेतला तो त्यांनीच, १८०३ मध्ये. काशीयात्रा केली. आणि याच राजांनी आपल्या गुरूंसाठी लंडनच्या शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारक करून घेऊन तंजावरच्या चर्चमध्ये बसवलं. त्यात श्वार्ट्झ मरणशय्येवर आहेत आणि राजा त्यांचा हात धरून उभा आहे. थडग्यावरच्या ओळी राजांनी स्वतः इंग्रजीत रचल्या, त्यात त्यांना अनाथांचा बाप म्हटलं आहे.

संस्थेच्या संग्रहालयात मी हे सगळं वाचलं तेव्हा बराच वेळ तिथून हलले नाही. आपल्या माणसानं इथल्या माणसाचा हात धरला होता, दोनशे वर्षांपूर्वी. मी तर फक्त मनगट धरू दिलं. मी तुझ्या देव्हाऱ्याची आहे आणि राहीन. इथे रोज सकाळी गणपतीपुढे उदबत्ती लावते, ओमांना चंदनाचाच वास आवडतो म्हणून आता तीच आणते.

आज पहिला ॲडव्हेंट, नाताळच्या आधीच्या चार रविवारांतला पहिला. थंडीत मोठं चर्च तापवणं परवडत नाही म्हणून आजपासून उपासना शेजारच्या सभागृहात. फांद्यांच्या चक्रावर चार मेणबत्त्या, दर रविवारी एक पेटवायची. ही प्रथा १८३९ ची. हँबर्गच्या एका आश्रमातली मुलं "नाताळ कधी, नाताळ कधी" म्हणून पिच्छा पुरवायची, तेव्हा तिथल्या वीखर्न नावाच्या पाळकानं गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, रविवारच्या चार मोठ्या आणि बाकी दिवसांच्या छोट्या.

काल ओमांनी माळ्यावरून जुनं खोकं काढलं. आत कागदाच्या २५ टोकांचा तारा, एकेक टोक वेगळं. हेर्नहूट गावचा. आम्ही दोघींनी जमिनीवर बसून तो जोडला, पिना लावल्या, आत दिवा सोडला आणि खिडकीत टांगला. मला सारखे बाबा दिसत होते, नौपाड्याच्या गॅलरीत स्टुलावर चढलेले, तोंडात दोरा, आणि आजी खालून स्टूल धरून ओरडतेय.

मी ओमांना आपल्या आकाशकंदिलाबद्दल सांगितलं आणि तिथून ते पाळकबाईंपर्यंत गेलं. २४ डिसेंबरला मुलं येशूजन्माचं नाटुकलं करतात. गोठ्यावर तुझा कंदील लाव म्हणाल्या. तेव्हा बाबांना सांग, घरच्या षटकोनी कंदिलाचं माप मला लिहून पाठवा. काड्या किती, केवढ्या, सांधा दोऱ्यानं कसा बांधायचा, झिरमिळ्या किती लांब. पतंगी कागद इथे मिळतो, खळ मी मैद्याची करीन. पंधरा तारखेच्या आत पाठवायला सांग, मुलं शनिवारी बसणार आहेत करायला.

बाबांनी गोळ्या वेळेवर घ्याव्यात. तू गुडघ्याला तेल लाव.

तुझी लेक

ता. क. ओमांना आजीचा फोटो हवा आहे, त्यांच्या यजमानांच्या फोटोशेजारी ठेवायला. तो नऊवारीतला, तुळशीपाशी बसलेला, पाठवशील?