बाळ कुणावर गेलंय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बाळ झालं की सगळे आधी हेच विचारतात, कुणावर गेलंय? आमच्या मुलाच्या वेळी कुणालाच काही सांगता येईना. कपाळ पुढे आलेलं, नाक बसकं, ओठ जाडसर आणि बाहेर वळलेले, भुवया जवळपास नाहीतच, डोळ्यांभोवती काळसर बारीक सुरकुत्या आणि डोक्यावर केस म्हणजे नुसती लव. येतील हळूहळू, असं सगळे म्हणायचे.

मग ताप सुरू झाला. अंग भाजायचं, रिपोर्ट नॉर्मल, अँटिबायोटिकचा एक कोर्स संपला की दुसरा, आणि ओल्या कपड्यानं पुसून पंख्याखाली ठेवलं की ताप आपोआप उतरायचा, पण हे का होतंय ते कुणी विचारलंच नाही. शेवटी एका स्किनच्या डॉक्टरांनी त्याच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं आणि एकच विचारलं, याला घाम येतो का? मी गप्पच झाले, कारण त्याला घाम आलेला मी कधी पाहिलाच नव्हता.

आजाराचं नाव निघालं एक्टोडर्मल डिस्प्लेझिया, हा जन्मजात असतो. केस, दात, नखं, घामाच्या ग्रंथी हे सगळं गर्भाच्या बाहेरच्या थरातून तयार होतं, तिथेच गडबड झाली की सगळ्यावर परिणाम होतो. दात थोडेच येतात आणि तेही सुळ्यासारखे टोकदार. बुद्धी मात्र बहुतेकांची अगदी नॉर्मल असते, हे मला मुद्दाम सांगायचंय. घाम नाही म्हणून अंग थंड होत नाही, त्यामुळे तान्हेपणी खरा धोका उष्णतेचा. दुसऱ्या घरातली अशी मुलं पाहिली तर आमच्या मुलाची सख्खी भावंडंच वाटतात, म्हणजे तो कुणावर गेलाय ते तेव्हा कळलं!

चार्ल्स डार्विननं 1875 मध्येच सिंधमधल्या एका कुटुंबाबद्दल लिहून ठेवलंय, चार पिढ्यांत दहा पुरुष, दात थोडे, केस विरळ, उन्हाळ्यात कातडी कोरडी ठणठणीत. त्यानं हेही लिहिलं की त्या घरातल्या मुलींना त्रास नाही पण त्यांच्या मुलग्यांना होतो. याच्या नेहमीच्या प्रकाराचा जीन (जनुक) एक्स क्रोमोझोमवर असतो, आणि मुलग्याला तो क्रोमोझोम आईकडूनच मिळतो; हा जीन 1996 मध्ये सापडला. माझेही दोन दात कधी आलेच नाहीत, पण ती याचीच खूण आहे हे कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. यात आईचा दोष नसतो हो, तरी बोलणारे बोलतातच.

आता विनंती. दुर्मिळ आजारांवर लेख येतात तेव्हा मुलाच्या डोळ्यांवर काळी पट्टी असते. ओळख लपवायला हवीच, पण भुवया आणि डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या, म्हणजे नेमकं जे दिसायला हवं तेच त्या पट्टीखाली जातं. त्याऐवजी एखाद्या चित्रकाराकडून चेहऱ्याचं रेखाटन करून छापा आणि खाली लिहा, असं बाळ असेल आणि सारखा ताप येत असेल तर घामाबद्दल डॉक्टरांना विचारा.

आपली,
एका मुलाची आई