फांद्या न्या, पाला आम्हाला ठेवा : इंदूरच्या महापौरांना खुले पत्र

प्रति,
माननीय महापौर,
इंदूर महानगरपालिका, इंदूर

महोदय,
सा. न. वि. वि.

मी शहराच्या कडेच्या एका गावात राहते. गाव महापालिकेच्या हद्दीत येऊन बरीच वर्षे झाली. पत्ता आता कॉलनीच्या नावाने लिहितात, पण मारुतीच्या देवळामागची वस्ती अजून स्वतःला गावच म्हणते. इथे आमचे बागकाम मंडळ आहे आणि मी त्याची चिटणीस. या पत्राची हिंदी प्रत आपल्या कार्यालयात देत आहे. मराठीत अशासाठी लिहिते की इंदुरात ज्यांच्या घराला अंगण किंवा गच्ची आहे, त्या मराठी मंडळींनीही हे वाचावे आणि पटले तर आपापल्या वॉर्डात हाच आग्रह धरावा.

मागणी एकच आहे. पानगळीत आमच्या गावात पडणारा पाला गावातच राहू द्या.

मंडळाला कार्यालय नाही, पाटी नाही. महिन्यातून एका रविवारी सगळे मिळून एकेका सभासदाची बाग बघायला जातो. पोहे-चहा होतो आणि मग कामाचे बोलणे निघते : कुणाच्या लिंबाची पाने अळीने खाल्लेली असतात, कुणाच्या जास्वंदीवर पिठ्या ढेकूण चढलेला असतो. अक्षय्य तृतीयेला वेलांच्या बियांची देवघेव होते. दोडका, गिलकी, काकडी, लाल भोपळा, जे ज्याच्याकडे चांगले आले त्याचे बी तो आणतो. पाऊस स्थिरावला की मोगरा, अबोली, कण्हेर यांच्या फांद्या वाटल्या जातात. हरतालिका आणि गणपतीच्या आदल्या दिवशी आमच्या अंगणांतून पत्री निघते. आघाडा, माका, डोरली, शमी, मरवा, जाई, अगस्ती, डाळिंब, विष्णुक्रांत. एक देवदार सोडला तर जवळजवळ सगळ्या एकवीस पत्री गावातच मिळतात. बाजारातल्या जुडीत कुठलाही पाला बांधून देतात, हे आपणही पाहिले असेल. आमच्या मुलांना आघाडा आणि माका वेगळे ओळखता येतात याचा मला फार अभिमान आहे.

बागा मोठ्या नाहीत. एका आजींच्या न्हाणीघराचे पाणी जिथे निघते तिथे अळू आणि कर्दळ आहे, बस्स. एक भाड्याने राहणारे जोडपे रंगाच्या रिकाम्या बादल्यांत टोमॅटो आणि मेथी लावते. शेजारचे पाटीदार काका शेतकरी, त्यांच्या गोठ्यातून शेण येते आणि त्याचे ते पैसे घेत नाहीत. या सगळ्यांत मला सर्वांत प्रिय बाग एका निवृत्त मास्तरांची आहे. ते गराडू लावतात. थंडीत सराफ्याच्या खाऊगल्लीत तळलेला हा कंद आपण सारेच खातो, पण तो अंगणात लावणारे फार थोडे. वेल आधार मिळेल तिकडे चढतो आणि कंद जमिनीत खोल जातो. आमची माळव्याची काळी माती पावसात चिकट होते आणि नंतर अशी आवळते की खणताना कंद मोडून तुकड्यांनी निघतो. मास्तरांनी हातभर खोल खड्डा करून तो निम्मा कुजलेल्या पाल्याने भरला. दिवाळीनंतर खणले तेव्हा माती हातानेच बाजूला होत होती आणि मनगटाएवढा जाड कंद सबंध बाहेर आला. त्यांनी तो सगळ्यांच्या हातात फिरवला.

महोदय, काळ्या मातीची बाग पाल्याशिवाय होत नाही. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, त्या भेगांतून ओल निघून जाते, मुळे तुटतात. वर चार बोटे पाल्याचा थर असेल तर भेग पडत नाही आणि रोजचे पाणी एक दिवसाआड चालते. नर्मदेचे पाणी 1978 साली इंदुरात आले. ते जलूदहून, साधारण 70 किलोमीटरवरून, पंपांनी घाट चढवून आणावे लागते. त्यातली एकेक बादली वाचवायचा आमच्यापाशी हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

आणि खताची विद्या तर इंदूरचीच. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड 1924 साली इथे आले आणि होळकर दरबाराने दिलेल्या जमिनीवर त्यांनी वनस्पती उद्योग संस्था उभी केली. त्याच आवारात आज कृषी महाविद्यालय आहे. काडीकचरा, पाला, शेण, गोठ्यातली मुताने भिजलेली माती आणि राख यांचे थर देऊन, ओल राखून, ठरावीक दिवसांनी परतून साधारण तीन महिन्यांत खत करण्याची रीत त्यांनी इथे बसवली. कापसाच्या पऱ्हाट्या आणि तुराट्या रस्त्यावर अंथरून गाड्यांच्या चाकांखाली चेचून घेत असत. 1931 साली हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी ही रीत पुस्तकरूपाने मांडली आणि जगभरचे शेतकरी तिला आजही ‘इंदूर पद्धत’ म्हणतात.

आम्ही तीच करतो. ढिगात लोखंडी सळई खुपसून थोड्या वेळाने ओढायची. हातात धरवत नसेल इतकी तापली तर ढीग चांगला चालला आहे. कोमट निघाली तर पाणी कमी आहे किंवा शेण कमी आहे. परतताना आतून वाफ येते, पहिल्या परतणीला वास असतो, तिसऱ्या परतणीला नसतो. हे आमच्याकडच्या शाळकरी मुलींनाही येते.

अडते ते पाल्यापाशी. फेब्रुवारी ते एप्रिल कडुनिंब, पिंपळ, शिरीष यांची पाने पडतात. सकाळी झाडलोट होते, पाला पोत्यांत भरला जातो आणि गाडीत जातो. आम्ही धावत जाऊन दोन-चार पोती मागून घेतो. सफाईचे भैया आणि दीदी देतातही, पण त्यांना तशी परवानगी नाही, आणि आमच्यासाठी त्यांनी बोलणी खावीत हे आम्हाला बरे वाटत नाही. मग पावसाळ्याच्या तोंडावर आम्हीच नर्सरीतून पैसे देऊन खताच्या पिशव्या आणतो.

शहराने कचऱ्याचे जे करून दाखवले त्याचा आम्हाला आदर आहे. घरात सहा प्रकारांनी कचरा वेगळा करणारे आम्हीच आहोत. देवगुराडियाला 2022 पासून रोज 550 टन ओल्या कचऱ्यापासून गॅस करण्याची सोय आहे, ती योग्यच आहे. पण सुका पाला त्या टाकीत सहज कुजत नाही. बिचोली हप्सीला झाडांच्या फांद्यांपासून इंधनाच्या कांड्या करण्याचा प्रकल्प आखला, तोही चांगला. जाड फांद्या आम्हाला नकोतच, त्या खुशाल न्या. पाने मात्र मातीतून आलेली आहेत आणि ती जाळून आमची माती दर वर्षी अधिक भुकेली होते. 2016 च्या घनकचरा नियमांतही उद्यानांचा कचरा वेगळा गोळा करून शक्यतो उद्यानातच जिरवावा, असे सांगितले होते.

देवळामागे जुन्या विहिरीजवळ सरकारी मोकळी जागा आहे. तिथे सध्या कुणी काही करत नाही, नुसती गाजरगवताची वाढ आहे. ती जागा मंडळाच्या नावे करा असे आम्ही म्हणत नाही. पाल्याचे ढीग करायला लेखी परवानगी द्या, आणि पानगळीचे तीन महिने आमच्या वॉर्डातली पाल्याची पोती तिथे उतरवण्याचा आदेश द्या. पाल्यातले प्लास्टिक वेचणे, ढीग ओले ठेवणे, परतणे आणि आग लागू न देणे ही जबाबदारी आमची. निम्मे खत सार्वजनिक उद्यानांसाठी आपण न्या, निम्मे अंगणांसाठी राहील. काही बिघडले, दुर्गंधी आली, कुणाची तक्रार आली, तर परवानगी काढून घ्या. पैसा मागत नाही. फार तर पाला बारीक करण्याचे यंत्र महिन्यातून एक दिवस पाठवावे.

आणखी एक, लहानसेच. रस्त्याकडेच्या झाडांभोवती फरशी बसवताना बुंध्यापाशी हातभर माती उघडी ठेवायला ठेकेदारांना सांगावे. आमच्या देवळासमोरच्या कडुनिंबाला ती मिळालेली नाही आणि त्याचा शेंडा वाळत चालला आहे.

पानगळ सुरू व्हायच्या आत, म्हणजे संक्रांतीपर्यंत, आदेश निघाला तर पहिला ढीग याच वर्षी लागेल आणि पावसाच्या आधी खत तयार होईल. आपल्या उद्यान विभागाच्या अधिकाऱ्यांनी कोणत्याही रविवारी सकाळी यावे. जागाही दाखवू आणि सळईही हातात देऊ.

कळावे,
आपली विश्वासू,
चिटणीस, बागकाम मंडळ