मृगाआधी दोर हवा आहे, आणि लावणीला माणसं

सप्रेम नमस्कार.

मृग लागायला दोन आठवडे उरले आहेत. पहिला पाऊस पडून डोंगर हिरवा झाला की पुण्या-मुंबईच्या गाड्या ताम्हिणी घाटाकडे वळतील. अंधारबन, प्लस व्हॅली, कुंडलिकेच्या खोऱ्यावरचे धबधबे माणसांनी भरून जातील. मग एखाद्या रविवारी दुपारी तीन-चारच्या सुमारास आमच्यापैकी कुणाचा तरी फोन वाजेल. पलीकडे पोलीस ठाण्याचे हवालदार असतील, नाहीतर पायथ्याच्या गावचे पोलीस पाटील. "माणूस खाली गेलाय," एवढंच बहुतेकदा कळतं. त्या फोनच्या तयारीसाठी हे पत्र लिहीत आहोत.

आमच्या बचाव पथकात पगारी कुणी नाही. वायरमन आहेत, शाळेतले मास्तर आहेत, एकाची वडापावची गाडी आहे, दोघे एमआयडीसीत पाळीवर जातात आणि निम्मे शेतकरी आहेत. ज्याला वाचवलं त्याच्याकडून किंवा त्याच्या घरच्यांकडून आम्ही डोंगरावर एक रुपया घेत नाही. कुणी खिशात हात घातला तर आधी पेशंटला दवाखान्यात न्या, एवढंच सांगतो.

फोन आल्यावर आम्ही लगेच पळत सुटत नाही. पहिली दहा मिनिटं प्रश्नांची असतात. शेवटचं कुणी पाहिलं, कुठे, किती वाजता? अंगावर कुठल्या रंगाचे कपडे? मोबाइलला किती चार्जिंग आहे? फोन लागत असेल तर त्या माणसाला सांगतो, लोकेशन पाठव, बोलत बसू नकोस, आहेस तिथून हलू नकोस. मग तिघांची हलकी तुकडी प्रथमोपचाराची पिशवी आणि छोटा दोर घेऊन पुढे निघते. तिच्यासोबत त्या भागातला कातकरी किंवा धनगर वाटाड्या असतो. धुक्यात दहा पावलांवरचं दिसत नाही तेव्हा जीपीएसपेक्षा आम्ही त्याच्यावर भरवसा ठेवतो. जड सामान घेऊन बाकीचे मागून येतात.

वाट चुकलेला माणूस फार वेळा ओढ्यातच सापडतो. पाण्याच्या कडेने खाली गेलं की गाव लागेल, असा विचार तो करतो. दुसरीकडे कदाचित लागतही असेल. सह्याद्रीचा काळा कातळ मात्र थरांवर थर बसलेला आहे, आणि इथला ओढा पायरीपायरीने कड्यावरून कोसळतो. माणूस घसरत एक टप्पा उतरतो, दुसरा उतरतो. तिसरा दोनशे फुटांचा असतो. खाली जाता येत नाही आणि शेवाळलेल्या कातळावरून परत वर चढता येत नाही. जुलैच्या पावसात, वाऱ्यात, भिजलेल्या कपड्यांनी रात्र काढली तर थंडीनेही माणूस दगावू शकतो. म्हणून आम्ही आधी नाळा आणि ओढे धुंडाळतो.

माणूस सापडला की दोराचं काम सुरू होतं. दोर दोन वेगळ्या ठिकाणी बांधायचा, म्हणजे एक जागा सुटली तरी दुसरी धरते. खाली उतरणाऱ्याला मुख्य दोराशिवाय सुरक्षेचा दुसरा दोर असतो. कड्याच्या धारेवर दोर घासू नये म्हणून खाली जाड पट्टे घालायचे. जखमीची मान आणि पाठ न हलवता त्याला स्ट्रेचरवर बांधायचं आणि कप्प्या लावून वरून ओढायचं. पाच जण ओढतात, एक जण फक्त आवाज देतो, आणि त्याच्याशिवाय कुणी बोलत नाही.

यानंतर जे येतं त्याची कल्पना बहुतेकांना नसते. ऐंशी किलोचा माणूस स्ट्रेचरवर घेऊन निसरड्या पायवाटेने तीन किलोमीटर चालायचं. एका वेळी सहा खांदे लागतात आणि काही मिनिटांत ते बदलावे लागतात. एका जखमीला खाली आणायला अठरा-वीस माणसं लागतात ती अशी.

एनडीआरएफचं, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचं, पथक आपल्याला लांब नाही, तळेगावजवळ सुदुंबऱ्याला त्यांचा तळ आहे. ते येतात आणि जीव तोडून काम करतात. पण जिथे गाडीरस्ता संपतो तिथून त्यांनाही पायीच यावं लागतं. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीला रस्ता नव्हता, जेसीबी वर नेता येईना. भर पावसात अंधारात चढून गेलेल्यांमध्ये आसपासच्या गिर्यारोहण संस्थांची पोरं होती, आणि दिवसचे दिवस हातांनी माती उपसली गेली. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण बेपत्ता राहिले. २८ जुलै २०१८ ला आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाची बस दरीत गेली आणि ३० जण गेले. तेव्हाही दोराने दरीत उतरून मृतदेह वर आणणाऱ्यांत महाबळेश्वर-पोलादपूरचे ट्रेकर होते. आमच्याही हाती सगळेच जिवंत लागत नाहीत. खाली गाडीजवळ आई-वडील उभे असतात. त्यांच्या मुलाला रात्रभर दरीत ठेवायचं नाही, एवढं तरी आम्ही पाळतो.

आता गरज सांगतो. आमच्याकडे दोनशे मीटरचे तीन दोर आहेत. प्रत्येक दोराची वही आहे: कधी घेतला, कधी वापरला, कुठे घासला. नायलॉनचा दोर न वापरताही म्हातारा होतो, दहा वर्षांपुढे त्यावर माणूस लटकवत नाहीत. यातल्या दोन दोरांची दहा वर्षं या जूनमध्ये भरतात. वरून ते अजून छान दिसतात, म्हणूनच आम्ही ते कापून टाकणार आहोत, चुकूनही कुणी उचलू नये. दोन नवे दोर, एक घडीचं स्ट्रेचर, हेल्मेट आणि डोक्यावरचे दिवे, आणि सव्वीस स्वयंसेवकांचा वर्षाचा अपघात विमा, असं मिळून दोन लाख चाळीस हजार रुपये लागतील. विमा यादीत शेवटी लिहिला असला तरी आमच्या मनात तो पहिला आहे. गेल्या वर्षी आमच्या एका पोराचा खांदा निखळला आणि दवाखान्याचं बिल त्यानेच भरलं. ते पुन्हा होऊ द्यायचं नाही.

संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे. शंभर रुपयांचीही पावती मिळेल आणि खरेदीची बिलं कार्यालयाच्या फळ्यावर लावू. वापरलेले दोर किंवा हार्नेस (दोराला अडकवायचे अंगावरचे पट्टे) कृपया देऊ नका. त्यांचा इतिहास आम्हाला माहीत नसतो. कोरड्या ताडपत्र्या, ब्लँकेट, टॉर्च चालतील.

डोंगरात जाणाऱ्यांनाही विनंती आहे. पायथ्याच्या घरी नाव आणि परतायची वेळ सांगून जा. गळ्यात शिट्टी ठेवा: मिनिटात सहा वेळा वाजवायची, मग एक मिनिट थांबायचं. अडकलात तर ११२ लावा आणि जागा सोडू नका.

आणि गावकऱ्यांकडे एक मागणं, ज्याला पैसे लागत नाहीत. अपघात जास्त होतात ते नेमके भातलावणीच्या दिवसांत. फोन आला की आमची पोरं खाचरातून उठून चिखलाच्या पायांनी येतात. रोपं उपटून ठेवलेली असतात, मजूर दुसऱ्या दिवशी मिळतीलच असं नसतं. गेल्या वर्षी दोघांची लावणी आठवडाभर मागे पडली आणि उतारा घटला. गावाने मिळून एकाच्या शेतात राबायची इर्जिक आपल्याकडे अजून आहे. जो स्वयंसेवक डोंगरावर गेला त्याचं खाचर त्याच दिवशी गावाने लावून टाकायचं, असं ठरवूया. पिठलं-भाकरी आणि चहा संस्थेकडून. ज्यांना यायचं आहे त्यांनी ७ जूनच्या आत ग्रामपंचायतीत ठेवलेल्या वहीत नाव, वाडी आणि घरातून किती जण येतील ते लिहून ठेवावं. वही उघडी आहे, पहिल्या पानावर अकरा नावं आली आहेत.

आपले,
बचाव पथकाचे सर्व स्वयंसेवक