टेबल नंबर कळवतो

ईस्ट हॅम, लंडन
शनिवार, रात्री साडेदहा

प्रिय मन्या,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. ‘लंडनला जाऊन सहा महिने झाले आणि अजून पबात गेला नाहीस?’ हे तू तीनदा म्हणालास, आणि तिसऱ्यांदा मागून वहिनीही हसल्या. तर घे, आज गेलो. फोनवर सांगायला गेलो तर तू मधेच स्वतःचं पुराण लावशील, म्हणून लिहितोय.

झालं असं की लॅपटॉपचा चार्जर ऑफिसात राहिला होता. ऑफिस ‘सिटी’त. सिटी म्हणजे अख्खं लंडन नव्हे, त्याच्या पोटातला जेमतेम एक चौरस मैलाचा तुकडा. नुसत्या बँका, विमा कंपन्या आणि वकील. तिथे राहणारी माणसं 2021च्या जनगणनेत नऊ हजारांच्या आत, कामाला येणारी सहा लाखांवर. त्यामुळे शनिवारी कर्फ्यू लागल्यासारखं असतं. एरवी जिथे खांद्याला खांदा घासतो, त्या रस्त्यावरून मी भर दुपारी मधोमध चाललो. सँडविचवालेसुद्धा बंद. सातपूर एमआयडीसीत सुट्टीच्या दिवशी कसं भकास वाटतं, तसंच. फक्त इमारती काचेच्या.

पोटात कावळे ओरडत होते. ग्रेसचर्च स्ट्रीटवर ‘क्रॉस कीज’ उघडा दिसला आणि शिरलो. हा वेदरस्पून साखळीतला पब, लोक लाडाने ‘स्पून्स’ म्हणतात. टिम मार्टिन नावाच्या माणसाने 1979 मध्ये उत्तर लंडनात पहिला काढला, आता देशभर 800च्या आसपास आहेत. वेदरस्पून हे म्हणे त्याच्या न्यूझीलंडमधल्या एका मास्तरांचं आडनाव, ज्यांना वर्ग आवरत नसे. त्या न्यायाने आपल्या पबाची पाटी कोणत्या सरांच्या नावाची झाली असती, हे तुला सांगायला नको.

आत गेलो आणि दारातच थबकलो. अरे, ही बँक होती! हाँगकाँग अँड शांघाय बँकेचा जुना हॉल. मान मोडेल इतकं उंच छत, संगमरवरी खांब, मधोमध भला मोठा बार आणि वर पडद्यावर बियरच्या नावांची यादी, एसटी स्टँडवर गाड्यांची लागते तशी. जिथे कधीकाळी लोक टोपी काढून अदबीने बोलत असतील, तिथे एक आजोबा पेपरवर चष्मा ठेवून डुलक्या घेत होते. शेक्सपिअरच्या काळी इथे याच नावाची सराई होती आणि तिच्या अंगणात नाटकं व्हायची. म्हणजे आधी सराई, मग बँक, आता पुन्हा पेला. जागेने आपला धंदा काही सोडला नाही.

डोक्यात आपली परमिट रूम घेऊन गेलो होतो: मिणमिणता दिवा, वेटरची ‘साहेब, रिपीट?’ आणि बशीतले खारे शेंगदाणे. इथे तसलं काही नाही. लख्ख उजेड. गाणी नाहीत, या साखळीतल्या बहुतेक पबांत ती लावतच नाहीत. शेजारच्या टेबलावर आजी, सून आणि चिप्स सांडणारं नातवंड. कोणी विचारायला येत नाही. आपणच काउंटरवर जायचं, आधी पैसे, मग माल. चकना फुकट नाही, याचं मात्र दुःख झालं.

मी एल, म्हणजे इथली पारंपरिक बियर, अर्धा पाइंट मागितली, म्हणजे 284 मिली. बाईंनी आधी चव बघायला एवढीशी दिली, मग पंपाचा लांब दांडा तीन वेळा ओढला. हापश्याची आठवण झाली. आणि ती बर्फगार नसते, बरं का. माठातल्या पाण्याइतपतच थंड. पहिला घोट कडू काढ्यासारखा, चौथ्याला बरं वाटायला लागलं. दर म्हणशील तर ऑफिसवाले मला नेऊ बघतात त्या पबांच्या जवळपास निम्मा. ते या साखळीला नाकं मुरडतात. मुरडोत. मला तर तो आपल्या कॉलेजजवळच्या इराण्यासारखा वाटला. कॉफीचा कप एकदा घ्यायचा आणि मशिनवर हवा तितक्यांदा भरायचा, कोणी ‘उठा’ म्हणत नाही. त्या आजोबांनी माझ्यादेखत तीनदा भरला.

बाहेर पडून लेडनहॉल मार्केटच्या नक्षीदार छपराखालून दोन-तीन मिनिटं चाललो, तर नळ्या-पाइप अंगावर बाहेरून मिरवणारी लॉइड्स या विमा बाजाराची इमारत. ईस्ट इंडिया हाऊस इथेच होतं, कंपनी सरकारचं मुख्य कार्यालय. मला एकदम रंगो बापूजी आठवले. सातारच्या प्रतापसिंह महाराजांना 1839 मध्ये गादीवरून उतरवलं, तेव्हा त्यांची बाजू मांडायला हा माणूस इथे आला आणि 1853 पर्यंत चिकटून राहिला. मधे महाराज काशीला वारले, 1848 मध्ये राज्यही खालसा झालं, तरी याचे अर्ज आणि खेटे चालूच. मी सहा महिन्यांत भाकरीच्या आठवणीने रडकुंडीला आलोय. त्या गृहस्थाने कचेरी बंद असलेले रविवार कुठे काढले असतील? मी बराच वेळ तिथे उभा होतो. तिथल्या गार्डने दोनदा बघितलं, तेव्हा निघालो.

हो, चार्जर राहिलाच. पुन्हा ऑफिसपर्यंत तंगडतोड.

आता मुद्द्याचं. काउंटरवर जायचं नसेल तर या पबांचं ॲप आहे. पब निवडायचा, टेबल नंबर टाकायचा, पैसे भरायचे, की पदार्थ टेबलावर हजर. मी त्यात 47 ऐवजी 74 टाकलं आणि माझी चिकन टिक्का मसाला, भात आणि नान दुसऱ्याच गोऱ्या जोडप्यापुढे गेली. त्यांनी परत दिली, पण नानकडे जरा हळहळून बघितलं. इथली पोरं म्हणे आपला नंबर जाहीर करून टाकतात आणि कुठले कुठले लोक घरबसल्या त्यांना काहीबाही पाठवतात. तुझ्याकडे 2009ची माझी एक पावभाजी बाकी आहे, ती विसरलेलो नाही. पुढच्या शनिवारी बसलो की टेबल नंबर कळवतो. तुझं कार्ड तिथून चालतं का बघ. आणि वाटी भरून नुसते वाटाणे पाठवू नकोस, तो विनोद इथे आधीच जुना झालाय.

वहिनींना नमस्कार, काकूंच्या गुडघ्याचं काय झालं ते लिही.

तुझा,
बंड्या