ल ग्विन बालपुरवणीत कशा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी अमेरिकन लेखिका उर्सुला ल ग्विन यांच्यावरचा लेख आपल्या बालपुरवणीत शब्दकोड्याच्या शेजारी वाचला. लेख चांगला होता, जागा चुकली. ड्रॅगन नि जादूगार दिसले की मजकूर मुलांच्या पानावर ढकलून मोकळं व्हायचं, ही खोड काही एकट्या आपल्या वर्तमानपत्राची नाही. पण याच खोडीशी या बाई जन्मभर भांडल्या, म्हणून लिहावंसं वाटलं.

अर्थसी या बेटांच्या जादुई जगातली पहिली कादंबरी ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (1968) त्यांनी प्रकाशकाच्या सांगण्यावरून कुमारांसाठीच लिहिली, हे कबूल. मात्र लगेच पुढच्या वर्षी आलेली ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ बालपुरवणीत कुठे बसवणार? त्या बर्फाळ ग्रहावरची माणसं एरवी ना स्त्री ना पुरुष. महिन्यातले मोजके दिवस त्यांना लिंग येतं, आणि कुणाला कोणतं येईल ते आधी ठरलेलं नसतं. एका मुलाची आई असलेली व्यक्ती दुसऱ्याचा बाप असू शकते. तिथला राजा गरोदर राहतो! वडील आल्फ्रेड क्रोबर नामवंत मानववंशशास्त्रज्ञ, त्यामुळे परक्या समाजाकडे बघायची नजर घरातूनच आलेली. तिथली माणसं काय खातात, दिवस कसे मोजतात, पाहुण्याला कसं वागवतात, हे सगळं त्या एखाद्या संशोधकासारखं टिपतात. या कादंबरीला ह्यूगो आणि नेब्युला हे विज्ञानकथांचे दोन्ही मानाचे पुरस्कार मिळाले.

आता लेखासोबतच्या चित्राबद्दल. त्यात अर्थसीचा नायक, जादूगार गेड गोरापान दाखवलाय. पुस्तकातला गेड तांबूस-सावळा, त्याचा जिवलग मित्र तर काळाच. गोरे आहेत ते बेटांवर धाडी घालणारे कार्गिश लोक. 2004 साली टीव्हीवाल्यांनी गेडच्या भूमिकेत गोरा नट घेतला तेव्हा बाईंनी जाहीर लेख लिहून खडसावलं होतं. आपल्या चित्रकारानेही तेच करावं, आणि तेही महाराष्ट्रात बसून!

मला लेखात खरी उणीव जाणवली ती ‘तेहानू’ या अर्थसीच्या चौथ्या पुस्तकाची. अर्थसीची पहिली तीन पुस्तकं गाजली. तिसरं 1972 चं. मग तब्बल 18 वर्षांनी बाई त्याच जगात परतल्या आणि आपलीच मांडणी उलटीपालटी केली. पहिल्या पुस्तकांत थोर जादू पुरुषांची, बायकांची ती हलकी. ‘तेहानू’ची नायिका तेनार ही शेतावर राहणारी मध्यमवयीन विधवा आहे, तिच्याजवळ आगीत होरपळलेली एक पोर आहे, आणि महाजादूगार गेड सगळी विद्या गमावून शेळ्या राखतोय. तेनारचा दर्यावर्दी मुलगा घरी येतो, जेवतो, आणि ताट विसळणं हे बायकांचं काम म्हणून हात झटकतो. आई त्याला चांगलं सुनावते. काही जुने चाहते या पुस्तकावर नाराज झाले. माझ्या मते मालिकेतलं हेच सर्वांत धीट पुस्तक. लोकप्रिय झालेल्या जगाची अशी फेरतपासणी किती लेखक करतात?

तीन मुलांच्या या आईने सुरुवातीची कितीतरी वर्षं पोरं निजल्यावर लिहिलं, आणि तरी वीसहून अधिक कादंबऱ्या, शंभरावर कथा, शिवाय कविता नि निबंध. 2014 मध्ये, पंचाऐंशीव्या वर्षी, नॅशनल बुक फाउंडेशनचं पदक घेताना समोर बसलेल्या प्रकाशकांनाच त्यांनी नफेखोरीबद्दल फैलावर घेतलं. भांडवलशाहीतून सुटका नाही असं आज वाटतं, तसंच ते एके काळी राजांच्या दैवी अधिकाराबद्दलही वाटायचं, असं त्या म्हणाल्या. अद्भुत लिहिणाऱ्यांची गरज त्यांनी याच भाषणात मांडली होती: आजच्यापेक्षा वेगळं जगता येतं, हे दाखवायला.

‘तेहानू’ आणि ‘द डिस्पझेस्ड’वर सविस्तर लेख आपण मुख्य रविवार पुरवणीत छापावा, ही विनंती. दुसऱ्या कादंबरीत खासगी मालमत्ता नसलेल्या चंद्रावरचा समाज आहे, आणि तोही हळूहळू कसा कडक नि कोता होत जातो ते बाईंनी लपवलेलं नाही. त्यावर आपल्या वाचकांत कडाक्याचे वाद होतील. होऊ द्यात.

आपली,
एक नियमित वाचक, नाशिक